अठ्ठावन्न सेकंदांचे बाबा

४ फेब्रुवारी

दादा,

आधी कामाचं सांगते, नाहीतर तू पत्र अर्धं टाकून फ्रेमच्या पट्ट्या कापायला उठशील. सोबत एक छापील कागद आहे. फुली मारलीय तिथे सही कर आणि लगेच परत पाठव. बास, एवढंच.

आता कशासाठी ते ऐक. मी जिथे चौदा वर्षं तासावर शिकवतेय, त्या कला महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा निघालीय. पूर्ण वेळ, स्वतःची खोली, दारावर पाटी. मी तिसऱ्यांदा अर्ज करतेय आणि ही शेवटचीच खेप, कारण पंचावन्न झालेल्यांचा अर्ज घेत नाहीत आणि मला चोपन्न पूर्ण होऊन पाच महिने उलटले. मागच्या दोन्ही वेळा समितीने माझी फाईल उलटीसुलटी करून तेच विचारलं. "बाई, तुम्ही आधी चित्रं काढलीत, मग फिल्म केल्यात, मग नऊ वर्षं कलादालनात दुसऱ्यांची प्रदर्शनं मांडलीत, वर शिकवताय. तुम्हाला नेमकं कुठल्या खान्यात घालायचं?" आणि दोन्ही वेळा खान्यात मावणारा माणूस घेतला. त्यातला एक पिवळ्या पडलेल्या वह्या वाचून दाखवतो आणि मुलं मागे बसून झोपा काढतात. माझा कसा जळफळाट होत असेल ते तूच बघ!

म्हणून या वेळी पसारा मांडायचा नाही. एकच काम पुढे करायचं, 'न संपणारी रेघ'. बाबांची फिल्म रे, दुकानात काच कापतानाची. नऊ शहरांत दाखवून झाली, दोन पुस्तकांत तिच्यावर लिहून आलंय. त्यातला एक लेख ज्यांनी लिहिला ते चष्मेवाले सर यंदा समितीवर बाहेरचे परीक्षक आहेत, म्हणजे निम्मी लढाई जिंकल्यात जमा. फक्त नवा नियम झालाय. फिल्ममध्ये जो माणूस दिसतो तो हयात नसेल तर घरातल्या थोरल्याची लेखी परवानगी लागते. आता घरात थोरला तूच.

वीस मार्च शेवटची तारीख आहे. विसरू नकोस. वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर वर्गात घालून गेले, तर दोन मुलींनी नमुना उतरवून घेतला.

तुझी,
भिंगरी

११ फेब्रुवारी

भिंगरे,

मुद्दाम फ्रेमच्या पाठीला लावायच्या तपकिरी कागदावर लिहितोय. तुझ्या त्या गुळगुळीत कागदाला हात लावायची भीती वाटते.

कागद मिळाला. सही केलेली नाही. न बघता मी गिऱ्हाइकाच्या आजोबांच्या फोटोलाही काच लावत नाही, आणि हे तर आपले बाबा. बावीस वर्षं तू म्हणतेयस, "दादा, एकदा दाखवते." नऊ शहरांत दाखवलीस. आमचं गाव काय नकाशावर नाही? दुकानात येणारे विचारतात, "तुमच्या बहिणीने तुमच्या वडिलांवर काहीतरी केलंय म्हणे?" मी म्हणतो हो, फार छान आहे. न बघताच! खोटं बोलायचं वय आहे का माझं?

तू प्रदर्शनं मांडतेस म्हणजे काय करतेस हे वहिनीने मागे विचारलं होतं. मी सांगितलं, कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर, कशाशेजारी, किती उंचीवर ते ठरवते. ती म्हणाली, "मग तुमच्यासारखंच की. उगाच एवढी शिकली." मी हसलो, पण मनातून बरं वाटलं हो.

फिल्म पाठव. बघतो आणि त्याच दिवशी सही करतो.

दादा

१५ फेब्रुवारी

दादा,

पाठवलीय. पाकिटात काळा पेनड्राइव्ह आहे, वहिनीच्या लॅपटॉपला लाव. एक लक्षात ठेव, हा काही पिक्चर नाही. गोष्ट नाही, गाणी नाहीत, आवाजसुद्धा नाही. बाबांचे हात, काच कापायचा हिरा आणि काच. ते पुन्हा पुन्हा येतं, त्याला शेवट नाही. पाचदहा मिनिटं बघितलंस तरी पुरे. आणि मूळ जागी ती भिंतभर मोठी दिसते, लॅपटॉपवर जीव दिसणार नाही तिचा, हेही धरून चाल.

घाईत आहे, बाहेर मुलं उभी आहेत. सही तेवढी विसरू नकोस.

भिंगरी

२४ फेब्रुवारी

भिंगरे,

बघितली. सही करणार नाही.

दहा मिनिटं नाही, चांगली पाऊण तास बघितली, कारण डोळ्यांवर विश्वास बसेना. पहिल्यांदा बाबांचे हात दिसले आणि मला भरून आलं. डाव्या अंगठ्यावरचा तो पांढरा वण, मनगटाला गुंडाळलेला रुमाल. वहिनीने माझ्याकडे न बघता चहा आणून ठेवला. हिरा काचेवर टेकला, बाबांनी तो आपल्याकडे ओढत आणला, सरळ, एका दमात, जसा ओढायचा तसा. मी म्हटलं, वा रे पोरी.

आणि मग तो उलटा गेला! त्याच रेघेवरून, पुढे, अंगापासून लांब! मग पुन्हा इकडे. पुन्हा तिकडे. पाऊण तासात शंभरएक वेळा.

अगं, तू त्या दुकानात वाढलीस ना? एका रेघेवर हिरा एकदाच चालतो. दुसऱ्यांदा नेला की हिरा बोथट होतो आणि काच कुठे तडकेल याचा भरवसा नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी चौदाव्या वर्षी एकदा तसं केलं, तर बाबांनी कान असा पिरगळला की दोन दिवस लाल होता. आणि तू त्याच माणसाला जगभर उभं करून तीच चूक करायला लावलीस. नऊ शहरांत! कुणी फ्रेमवाला बघायला आला असेल, तर घरी जाऊन हसला असेल, की काय अडाणी म्हातारा आहे.

आणि काच तुटते कुठे? रेघ ओढली की काच टेबलाच्या कडेला आणायची, झटका द्यायचा, टक्. त्यासाठी तर सगळा खटाटोप. तुझी रेघ संपतच नाही म्हणे. अगं, जी संपत नाही ती रेघ काय कामाची?

राग येऊ दे. मलाही आलाय.

दादा

२८ फेब्रुवारी

दादा,

हद्द झाली तुझी!

ती फिल्म म्हणजे काच कापायचे धडे नाहीत. उलटसुलट फिरवली म्हणूनच ती एका माणसाची न राहता राबणाऱ्या प्रत्येकाची झाली. श्रम संपत नाहीत, हात थांबत नाहीत, हे त्यात आहे. लोक त्या खोलीत बसून रडलेत. चष्मेवाल्या सरांचा अख्खा लेख त्या जाण्यायेण्यावर आहे. त्यांना नाही दिसली चूक, आणि तुला लॅपटॉपवर दिसली!

तुला कधी माझं काम काम वाटलंच नाही. चित्रं काढत होते तेव्हा म्हणालास, निदान फ्रेम तरी घालता येईल. ती सोडून फिल्मकडे वळले तेव्हा म्हणालास, आता हलणाऱ्या चित्राला चौकट कुठून घालू. सगळे हसले, मीही हसले. पण मी विसरले नाहीये.

एका सहीवर माझी चौदा वर्षं अडकलीत. करणार नसशील तर तसं स्पष्ट लिही.

भिंगरी

६ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. आठवडा होत आला. रागावलास, आणि रागावायचा हक्क आहे तुला. मागचं पत्र टाकलं आणि पेटीतून परत काढता येईना म्हणून तिथेच उभी राहिले दहा मिनिटं. 'तुला कधी माझं काम काम वाटलंच नाही' हे खोटं आहे. माझ्या पहिल्या प्रदर्शनाच्या सव्वीस फ्रेम तू एकट्याने केल्या होत्यास, ताप अंगात असताना.

आता खरं सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तू विचारलंस, काच तुटते कुठे. तुटते, दादा. आहे माझ्याकडे. ते रीळ अठ्ठावन्न सेकंदांचं आहे आणि मी त्यातले पहिले तेवीसच वापरले. तेवढ्यावर भागेना म्हणून ते उलटे फिरवून जोडले. राबणाऱ्या हातांचं वगैरे सगळं मला नंतर सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा, इतरांनी लिहिलं आणि मी मान डोलावली.

पुढचं का कापलं ते ऐक. बाबांनी रेघ ओढली, काच कडेवर आणली आणि झटका दिला. काच वाकडी गेली. रेघ सोडून पार कोपऱ्यापर्यंत चिरत गेली. त्यांचा हात थरथरत होता, दादा. कॅमेऱ्यातून मला तेव्हाच दिसलं. ते त्या तुकड्याकडे बघत राहिले, मग वर माझ्याकडे बघितलं, आणि हसले. रीळ तिथेच संपलं.

तू तर सगळ्यांना अभिमानाने सांगायचास, आमच्या बाबांनी उभ्या जन्मात एक काच वाया घालवली नाही. मी ते कसं दाखवणार होते? लोकांना आणि तुलाही? म्हणून फिल्म कधी तुझ्यापर्यंत येऊ दिली नाही. बघितलीस तर पुढचं विचारशील, हे मला पक्कं माहीत होतं. आणि विचारलंसच.

नको करूस सही. मी दुसरं काहीतरी पाठवते. पण दोन ओळी लिही.

भिंगरी

१० मार्च

भिंगरे,

रागावलो नव्हतो. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दवाखान्यात होतो. तिला आता सगळं स्वच्छ दिसतंय आणि आल्या आल्या मला म्हणाली, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात.

तुझं पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक होतं, त्याला म्हटलं उद्या या.

वेडे, मला माहीत होतं! शेवटची दोन वर्षं बाबांचा हात थरथरायचा हे मला नाही कळणार तर कुणाला? मी सकाळी त्यांच्या आधी तासभर येऊन दुकान उघडायचो. आदल्या दिवशी त्यांनी कापलेल्या काचा बघायचो, वाकड्या असतील त्या बाजूला काढायचो, नव्या कापून त्याच जागी ठेवायचो. वाकड्या काचांचे लहान फोटोंसाठी तुकडे करायचो, म्हणजे हिशेबात तूट दिसायला नको. त्यांना कळू दिलं नाही, आईला नाही, तुला तर नाहीच. तू सुट्टीत यायचीस, तेव्हा मी जास्त जोरात सांगायचो, बाबांनी कधी काच वाया घालवली नाही. तुझ्यासाठी सांगत होतो गं.

म्हणजे बघ, तू माझ्यापासून लपवत होतीस आणि मी तुझ्यापासून. दोघं एकाच म्हाताऱ्याची अब्रू राखत होतो, आणि म्हातारा कॅमेऱ्यासमोर हसून मोकळा!

तेच मला खरं वाटेना. मी बत्तीस वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहिलो. चूक झाल्यावर त्यांना चिडताना बघितलंय, गप्प होताना बघितलंय, हसताना एकदाही नाही. ते तू बघितलंस. तुझ्याकडे डब्यात बावीस वर्षं पडलंय ते, आणि लोकांना उरलेलं दाखवत फिरतेस!

सही केलीय, कागद सोबत आहे. अट घातलेली नाही. कुठलं दाखवायचं ते तू ठरव, तुझं काम तुला जास्त कळतं. मला मात्र ते हसू बघायचंय. विसरू नकोस, असं या वेळी मी म्हणतोय.

दादा

२९ मार्च

दादा,

अर्ज वेळेत गेला. आणि मी जे केलंय त्याने माझीच पाचावर धारण बसलीय.

डबा उघडला. रीळ बरं होतं, फक्त शेवटाकडे थोडं आकसलेलं. ते नव्याने उतरवून घेतलं, अख्खं, अठ्ठावन्न सेकंद, पुढूनमागून काही न कापता. उलटं काही नाही. एकदा संपलं की चार सेकंद अंधार, मग पहिल्यापासून. हेच समितीसमोर ठेवणार आहे.

आमच्या विभागप्रमुख बाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "वेड लागलंय का? ज्यांनी तुमच्या उलटसुलट रेघेवर लेख लिहिला, त्यांच्याचसमोर म्हणणार की ती रेघ चुकीची होती? ते काय टाळ्या वाजवणार आहेत?" त्यांचं चूक नाही. दोन दिवस मीही दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून बघत बसले. जुनी दिसायला सुंदर आहे. पण नवी लागली की मी खुर्चीतून उठूच शकत नाही. आता जुनी दाखवली तर मुलांपुढे उभं राहून काय शिकवू?

बारा एप्रिलला सकाळी अकराला सगळ्यांसाठी खुलं व्याख्यान आहे, तेच परीक्षेसारखं. मुलं, शिक्षक, बाहेरचे लोक, पहिल्या रांगेत समिती. तू ये ना. वहिनीचा डोळा बरा असेल तर तिलाही आण. बस थेट दाराशी थांबते. येशील का?

भिंगरी

१९ एप्रिल

दादा,

झालं! झाले रे प्राध्यापक! पत्र आज हातात पडलं. तीनदा वाचलं, मग शिपायाला वाचायला दिलं, तोही म्हणाला, बरोबर आहे बाई, तुमचंच नाव आहे.

तू आला नाहीस. वाईट वाटलं, पण दुकान बंद ठेवणं तुझ्या जिवावर येतं हे मला माहीत आहे. म्हणून सगळं सांगते.

उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. "बावीस वर्षं मी ही फिल्म चुकीची दाखवली, आणि ही चूक माझ्या भावाने पकडली. तो फ्रेम करतो." चष्मेवाले सर हातातलं पेन थांबवून बघत राहिले. मी आधी जुनी दाखवली, मग तुझं सगळं सांगितलं, हिरा एकदाच का चालतो, काच कडेवर का आणतात, कान किती दिवस लाल होता. आणि मग नवी लावली.

बाबांनी झटका दिला, काच वाकडी गेली आणि हॉलमध्ये सगळ्यांच्या तोंडून 'अरेरे' निघालं. मग बाबांनी वर बघितलं आणि ते हसले. दादा, सगळा हॉल हसला त्यांच्याबरोबर! दोनशे माणसं! त्या मुक्या रिळाला कधी आवाज नव्हता, त्या दिवशी होता.

सरांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "पुन्हा लावा." लावली. म्हणाले, "पुन्हा." तीनदा बघितली. मला वाटलं, संपलं आपलं. मग ते उठले आणि म्हणाले, "माझा लेख मला नव्याने लिहावा लागणार. त्याआधी मला तुमच्या भावाला भेटायचंय." खाली बसले आणि टाळ्या सुरू झाल्या. मुलं तर बाकांवर उभी! आमच्या बाई सगळ्यात जोरात वाजवत होत्या, वर मला म्हणतात, मी म्हटलंच होतं.

समितीत एकमत झालं म्हणे. खान्याबिन्याचं कुणी काढलंच नाही.

तुझ्याशिवाय हे झालं नसतं. हे मी चारचौघांत बोलले, आता तुलाही लिहितेय. ऐकायला तू हवा होतास.

भिंगरी

२४ एप्रिल

प्राध्यापकबाई,

ऐकलं.

मी आलो होतो. वहिनी म्हणाली तुम्ही एकटेच जा, मला बसचा धूर चालणार नाही. दुकानाला कुलूप लावलं आणि आलो. पोचायला उशीर झाला, तू बोलायला लागली होतीस, म्हणून शेवटच्या रांगेत बसलो. तू माझ्या कानाचं लोकांसमोर काढलंस तेव्हा माझा हात आपोआप तिकडे गेला.

तू बोलत होतीस आणि मी बघत होतो, ही आपली भिंगरी? जी एका जागी पाच मिनिटं बसत नसे? किती नीट बोललीस. घाबरली नाहीस, कुणाची मनधरणी केली नाहीस. अभिमान वाटला मला तुझा. हे मी आधीच लिहायला हवं होतं, चित्रं काढत होतीस तेव्हापासून. ते चौकटीचं मी गमतीत म्हणालो होतो, पण तुला लागलं असेल तर चुकलंच माझं.

टाळ्या झाल्या, तुला लोकांनी गराडा घातला. तुझ्या मागे भिंतीवर फिल्म चालूच राहिली होती, बहुतेक बंद करायला कुणाला सुचलं नाही. मला बोलायचं होतं, पण डोळे पुसणं थांबेना आणि त्या तोंडाने तुझ्या साहेब लोकांपुढे कसा येणार? म्हणून बसूनच राहिलो. पाच वेळा बघितली असेल. शेजारी एक बाई पर्स आवरत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

मी म्हटलं, "बरं आहे. ते हसतायत ना, ते माझे वडील. आणि ती पुढे उभी आहे ती माझी बहीण."

त्या म्हणाल्या, "अहो मग इथे मागे काय बसलात? जा की पुढे!"

मी म्हटलं, "जातो. एकदा अजून हसू दे त्यांना."

दादा